बत्तीला साजेल तेच मेंटल

गॅसबत्तीतली ज्योत पाहिली तर ती निळसर असते आणि तिचा स्वतःचा उजेड अगदी थोडा. रॉकेलची वाफ हवेत मिसळून जळते ती फक्त उष्णता देण्यासाठी. त्या उष्णतेचा पांढराशुभ्र उजेड करतं ते मेंटल, म्हणजे ज्योतीवर बांधलेली जाळीची पिशवी. म्हणून मेंटल नीट निवडलं नाही, तर चांगली बत्तीही मिणमिणते.

ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1885 मध्ये पहिल्या मेंटलचं पेटंट घेतलं. त्याचा उजेड हिरवट पडे, लोकांना तो आवडला नाही. 1891 मध्ये त्यांना खरं सूत्र सापडलं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. हा एक टक्का मला फार विलक्षण वाटतो. थोरियम ऑक्साइड उष्णता किरणांवाटे फारशी सोडत नाही, त्यामुळे जाळी भरपूर तापते. पण उजेडही ते बेताचाच देतं. उजेडाचं काम ते चिमूटभर सेरियम करतं. तेच जास्त घातलं, तर उष्णता अदृश्य अवरक्त किरणांतून निघून जाते, जाळी थंडावते आणि उजेड उलट घटतो.

आता निवड. बत्तीचा उजेड कँडलमध्ये, म्हणजे किती मेणबत्त्यांएवढा, असा मोजतात; बत्ती किती कँडलची, तेवढ्याच कँडलचं मेंटल घ्यावं. उजेड वाढेल या आशेने 200 च्या बत्तीला 500 चं मेंटल बांधून काही साधत नाही, कारण रॉकेल किती जळणार हे नोझलचं बारीक छिद्र आणि टाकीतला दाब ठरवतात. मोठ्या जाळीच्या कडेपर्यंत ज्योत पोचत नाही. तो भाग लालसर राहतो, काजळीही धरतो. जाळी लहान असेल तर ज्योत तिच्याबाहेर जळते आणि उष्णता वाया जाते. ज्योतीने जेमतेम भरेल ते मेंटल योग्य. बांधणीही बघा: आपल्या नेहमीच्या बत्त्यांना एका बाजूने दोरी असलेली पिशवी लागते, काही कंदिलांना दोन्ही टोकांनी बांधायची नळी.

नवं मेंटल म्हणजे क्षार मुरवलेलं कापड. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं, ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो आणि आकसतो. म्हणून बांधतानाच चुण्या सगळीकडे सारख्या पसरवाव्यात. कृत्रिम रेशमाचा सांगाडा सुती कापडापेक्षा जास्त टिकतो.

थोरियम किरणोत्सारी आहे. आपल्याकडे ते केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून मिळतं. मेंटलसाठी लागणारं थोरियम नायट्रेट बनवणारा कारखाना 1955 मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला सुरू झाला. पेटलेल्या बत्तीजवळ बसल्याने मिळणारी किरणोत्साराची मात्रा नगण्य असते. धोका आहे तो जुन्या मेंटलची पूड नाकातोंडात जाण्याचा. यिट्रियमची मेंटलं किरणोत्सारी नसतात, पण उजेड थोडा कमी देतात. घरात लहान मुलं असतील तर मी तीच घेईन.

मेंटलला भोक पडलं, तर ते त्याच दिवशी बदला. त्या भोकातून निघणारा ज्योतीचा झोत थेट काचेवर बसतो आणि काच तडकते. बत्ती पूर्ण निवल्यावर, मोकळ्या हवेत, फुंकर न मारता ओल्या फडक्याने पूड टिपून घ्या आणि मग हात धुवा.