जर्मनीतलं सेमिस्टर संपवून परत निघताना: आब्मेल्डुंग, खोलीचं डिपॉझिट, ब्लॉक्ड अकाउंट आणि मार्कलिस्ट

जाताना व्हिसाच्या फाइलसाठी आपण महिनोन्‌महिने धावपळ करतो. परतीची फाइल कुणी करतच नाही. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत परीक्षा असतात, निरोपाची जेवणं असतात, राहिलेलं प्राग नाहीतर पॅरिस उरकायचं असतं. त्यात कागदपत्रं राहतात आणि मग पुण्यात बसून जर्मन हेल्पलाइनचं संगीत ऐकावं लागतं. एक-दोन सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर गेलेल्यांना नजरेसमोर ठेवून हे लिहितो आहे. पूर्ण डिग्री करून परतणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी तारखा बघा. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं चालतं. होखशूलेमध्ये, म्हणजे व्यवहारोपयोगी शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये, ते साधारण महिनाभर आधी सुरू होतं. तासिका मात्र फेब्रुवारीच्या किंवा जुलैच्या मध्याच्या आसपासच संपतात. म्हणजे तुम्ही विमानात बसाल तेव्हाही विद्यापीठाच्या लेखी तुमचं सेमिस्टर चालूच असणार. निकाल न येणं, विम्याचा हप्ता कापला जाणं, खोलीचं भाडं चालू राहणं, या सगळ्याचं मूळ या मधल्या काळात आहे.

आब्मेल्डुंग: बाकीची कुलपं या किल्लीने उघडतात

आल्यावर ब्यूर्गरआम्टात, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवला होतात, ते आनमेल्डुंग. जाताना ती नोंद काढायची, ते आब्मेल्डुंग. जर्मनीत नवीन पत्ता न घेता देश सोडणाऱ्या प्रत्येकाला हे कायद्याने करावं लागतं. जर्मनीतच दुसऱ्या शहरात चालला असाल तर आब्मेल्डुंग करायचं नाही, तिथे नवीन आनमेल्डुंग केलं की जुनी नोंद आपोआप निघते. सुट्टीपुरतं घरी येऊन पुढच्या सेमिस्टरला त्याच खोलीत परतणार असाल तरीही नाही. फक्त सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहू नका, कारण तेवढ्याने रेसिडेन्स परमिट सहसा आपोआप रद्द होतं.

मुदतीचा हिशोब नीट समजून घ्या. घर सोडण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी हे करता येतं, आणि घर सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवं. समजा विमान २० फेब्रुवारीचं आहे, तर १३ तारखेच्या आधी गेलात तर परत पाठवतील. म्हणून अपॉइंटमेंट लागत असेल तर ती महिनाभर आधी घेऊन ठेवा, पण तारीख त्या शेवटच्या आठवड्यातलीच घ्या. कित्येक शहरांत हा फॉर्म टपालाने किंवा ऑनलाइनही घेतात, आपल्या शहराची वेबसाइट बघा. फी नाही.

कागद फार लागत नाहीत. पासपोर्ट, रेसिडेन्स परमिटचं कार्ड असेल तर ते, आणि भरलेला फॉर्म. घरमालकाचं पत्र येताना लागलं होतं, जाताना लागत नाही. फॉर्ममध्ये नवीन पत्ता म्हणून भारतातल्या घरचा पत्ता पिनकोडसकट लिहा. बदल्यात मिळणाऱ्या आब्मेल्डेबेश्टेटिगुंग या कागदाचा लगेच स्कॅन काढा. विमा कंपनी, बँक, रेडिओ-टीव्ही फी वसूल करणारे, सगळे हाच एक कागद मागतात.

रेडिओची फी आणि विमा

जर्मनीत टीव्ही असो-नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो रुंडफुंकबायट्राग, म्हणजे रेडिओ-टीव्हीची फी, भरावा लागतो. शेअर्ड फ्लॅटमध्ये तो एकाच्याच नावावर असतो. तो एक तुम्ही असाल तर नीट ऐका: आब्मेल्डुंग केल्याने ही फी बंद होत नाही. फी वसूल करणाऱ्यांच्या वेबसाइटवर वेगळा अर्ज करून परदेशी स्थलांतर हे कारण द्यायचं आणि आब्मेल्डुंगचा कागद जोडायचा. मागे राहणाऱ्या रूममेटने ती आपल्या नावावर घ्यायला हवी, हे त्याला तोंडावर सांगा. नाहीतर मैत्री गेलीच म्हणून समजा.

आरोग्य विम्याला आब्मेल्डुंगचा कागद आणि विद्यापीठाचं एक्समाट्रिकुलात्सिओनचं पत्र, म्हणजे नाव काढल्याचा दाखला, दोन्ही पाठवा. एक्स्चेंजवाल्यांचं नाव बऱ्याचदा सेमिस्टरअखेर आपोआप निघतं, पण काही ठिकाणी लायब्ररीची येणी नाहीत असा शिक्का आधी घ्यावा लागतो. जाण्याच्या नेमक्या तारखेसकट लेखी कळवलं नाही तर हप्ता कापला जात राहतो. पैसे वाचवायला विमा आधीच बंद करण्याचा विचारही करू नका. शेवटच्या आठवड्यात सामान उचलताना पाठ धरलेली मंडळी मी पाहिली आहेत.

खोली आणि हळद

होस्टेलचा करार आधी वाचा. काही करार ठरल्या तारखेला आपोआप संपतात, काहींना दोन-तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. तिकीट काढलं म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. खोली सोडताना हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा केअरटेकर, येतो आणि युबरगाबेप्रोटोकोल नावाचा कागद भरतो: भिंती, गादी, खिडकी, किल्ल्या, सगळ्याची अवस्था. येताना भरलेला कागद सोबत ठेवा, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या नावावर पडणार नाही. सही करण्याआधी तुम्हीही फोटो काढा.

माझे साठ युरो गेले ते हळदीपायी. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या बाजूला, फोडणीच्या चमच्याएवढा पिवळा गोल होता. मला तो पाच महिने दिसलाच नव्हता, हाउसमाइस्टरला दारातूनच दिसला. आदल्या रात्री लक्षात आलं असतं तर निदान बेकिंग सोडा लावून बघितला असता. शॉवरच्या काचेवरचा पाण्याचा क्षार, फ्रीजरमधला बर्फ आणि भिंतीतली खिळ्यांची भोकं हीसुद्धा त्यांची आवडती ठिकाणं. क्षारावर व्हिनेगर चालतं. फ्रीज आदल्या दिवशीच बंद करा, बर्फ वितळायला वेळ लागतो. किल्ली हरवली असेल तर आधीच सांगून टाका, कारण कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येतो.

कुकर, रजया, हँगर यांचं काय करायचं? रस्त्याकडेला ‘त्सु फेरशेंकन’, म्हणजे फुकट न्या, अशी चिठ्ठी लावलेली खोकी दिसतात, तसं खोकं काही जण ठेवतात. कुकर मात्र पुढच्या बॅचच्या भारतीय मुलासाठी राखून ठेवा, तो आशीर्वाद देईल. आणि कपाटामागच्या रिकाम्या बाटल्या परत करा, प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांचे प्रत्येकी २५ सेंट मिळतात.

पैसे: खातं सगळ्यात शेवटी

डिपॉझिट किल्ली दिल्यादिवशी मिळत नाही, काही आठवडे, कधी काही महिने लागतात. ते जर्मन खात्यातच मागवा. भारतीय खात्याला आयबान, म्हणजे युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो, त्यामुळे होस्टेलच्या ऑफिसचा फॉर्म तिथेच अडतो. म्हणून खातं परतल्यावर दोन-तीन महिने चालू ठेवा. त्याचा दुसरा फायदा म्हणजे, चुकून कापला गेलेला हप्ता आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत घेता येतो. पण बँकेचा कोड जर्मन नंबरवर एसएमएसने येत असेल तर सिम बंद होताच खात्याला कुलूप लागलं. निघण्याआधी बँकेच्या ॲपवर कोड येईल अशी व्यवस्था करून घ्या, आणि भारतातला पत्ताही नोंदवा.

ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्याचा, नियम वेगळा. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठेवावे लागतात. वर्षाचे पैसे भरून एकच सेमिस्टर राहिलात तर जवळजवळ सहा हजार युरो आत अडकलेले असतात. ते सोडवायला आब्मेल्डुंगचा कागद लागतोच, शिवाय बऱ्याचदा हे पैसे आता अडवून ठेवायची गरज नाही असं आउसलेंडरबेहोर्डेचं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं, पत्रही लागतं. या ऑफिसचं उत्तर यायला आठवडे जातात. त्यामुळे तिकीट, पासपोर्ट आणि खात्याचा नंबर जोडून महिना-दीड महिना आधीच ईमेल टाका.

मार्कलिस्ट

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कलिस्ट, हातात घेऊन परतायचं असं सगळेच ठरवतात आणि जवळपास कुणालाच जमत नाही, कारण पेपर तपासून व्हायचे असतात. माझ्या एका विषयाचे गुण लागायला सात आठवडे गेले, आणि तोवर इथल्या कॉलेजची गुण जमा करायची तारीख उलटून गेली. म्हणून इंटरनॅशनल ऑफिसला निघण्याआधी विचारून ठेवा की ट्रान्सक्रिप्ट पीडीएफमध्ये येईल की टपालाने, आणि तुमच्याकडे की थेट तुमच्या भारतातल्या विद्यापीठाकडे. विद्यापीठाचं लॉगिन नाव काढल्यावर बंद पडतं, तेव्हा पोर्टलवरची माहिती आणि प्रत्येक विषयाचं मोडूलहांडबूखमधलं, म्हणजे विषयांच्या माहितीपुस्तकातलं, पान उतरवून घ्या. सिलॅबस जुळतो का हे ठरवायला इथे तेच मागतात.

ग्रेडच्या तक्त्याशिवाय मार्कलिस्ट देऊ नका. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कने १.३ बघून ‘अरेरे’ म्हटलं होतं. विषय बदलला असेल तर लर्निंग ॲग्रीमेंटच्या, म्हणजे कोणते विषय घेणार याच्या कराराच्या, दुरुस्तीवर तिन्ही सह्या (तुमची आणि दोन्ही विद्यापीठांच्या) आहेत ना ते बघा. इरॅस्मस प्लसची शिष्यवृत्ती असेल तर राहिल्याच्या तारखांचा दाखला शेवटच्या दिवसांतच घ्या. आधीची तारीख पडली तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात. शेवटचा हप्ता सहसा ऑनलाइन अहवाल भरल्यावरच येतो.

व्हिसा संपण्याच्या दिवसानंतर एकही दिवस थांबू नका. ‘शेंगेनमध्ये (आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत) नव्वद दिवस फिरता येतं ना’ हे व्हिसा लागणाऱ्या भारतीय पासपोर्टला आपोआप लागू होत नाही. प्राग आधीच उरका.

राहता राहिली टपालपेटी. जर्मन पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. विम्याचं शेवटचं पत्र, रेडिओवाल्यांची पावती, कधीकधी ट्रान्सक्रिप्टही टपालानेच येतं. माझ्या नावाची पट्टी रूममेटच्या नावाखाली आणखी तीन महिने होती, आणि दर शुक्रवारी तो मला पाकिटांचे फोटो पाठवायचा.