वराहपिलांचे दूध तोडणे

डुकराच्या पिलाला आईच्या दुधावरून घन आहारावर आणण्याची वराहपालनातील प्रक्रिया. रानडुकराची पिले तीन-चार महिन्यांत हळूहळू आपणच दूध सोडतात. व्यावसायिक फार्मवर मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ती आईपासून वेगळी केली जातात; भारतातील लहान पाळक सहा ते आठ आठवडे थांबतात. युरोपीय संघात 28 दिवसांआधी दूध तोडायला मनाई आहे. पिलांसाठी स्वतंत्र, निर्जंतुक केलेली जागा असेल तर 21 दिवसांपर्यंत सूट मिळते. लवकर तोडण्यामागे हिशोब असतो. पिले वेगळी झाल्यावर मादी चार ते सात दिवसांत पुन्हा माजावर येते आणि 114 दिवसांचा गर्भकाळ धरूनही वर्षाला दोन वेतांहून अधिक घेता येतात.

तयारी जन्मापासूनच करावी लागते. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाकडे जात नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसाचा चीक हाच त्याचा आधार. दुधात लोह फार थोडे असल्याने तिसऱ्या दिवसाच्या आसपास लोहाचे इंजेक्शन देतात. ते चुकले तर पिले फिकट पडतात आणि वाढ खुंटते. मादीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर कमी होऊ लागते, पण पिलांची भूक वाढतच असते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून, मादीचे तोंड पोहोचणार नाही अशा आडोशाला थोडा थोडा ताजा खुराक ठेवतात. सुरुवातीला पिले तो फक्त हुंगतात, तरी ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

दूध तोडल्यानंतरचा आठवडा सर्वांत नाजूक. तोपर्यंत पिलाला साधारण दर तासाला थोडे थोडे कोमट दूध मिळत असते. आता आई नाही, सोबती नवे, आणि समोर कोरडे खाद्य. काही पिले पहिला दिवसभर तोंडच लावत नाहीत. उपाशी आतड्याची अस्तरे झिजतात, जठरात आम्ल पुरेसे बनत नाही आणि ई. कोलाय जिवाणूंमुळे हगवण लागते. ती रोखायला वापरला जाणारा झिंक ऑक्साइड औषधी मात्रेत देण्यावर युरोपीय संघाने 2022 मध्ये बंदी घातली, तेव्हापासून आहार आणि स्वच्छतेवरच अधिक भिस्त आहे. या दिवसांत जागा कोरडी व उबदार हवी, पाणी सतत हवे, आणि शक्य असल्यास पिलांऐवजी मादीला हलवावे, म्हणजे निदान जागा तरी ओळखीची राहते.

सुरुवातीच्या खुराकात साधारण 20 टक्के प्रथिने असावीत: मका, भाजलेले सोयाबीन किंवा सोयापेंड, मासळीचे कूट, दुधाची भुकटी आणि क्षार मिश्रण. कच्चे सोयाबीन पिलांना पचत नाही. नवा खुराक चार-पाच दिवसांत, जुन्यात मिसळत बदलावा. वाढत्या वयात प्रथिनांचे प्रमाण हळूहळू उतरवतात.

गोव्यात आगोंद गोवन ही नोंदणीकृत स्थानिक जात आहे. तिथे आणि इतरत्र घरगुती पाळक स्वयंपाकघरातील उष्टे डुकरांना घालतात. 2020 मध्ये आफ्रिकी स्वाइन फीव्हर भारतात शिरल्यापासून हे धोक्याचे ठरले आहे, कारण डुकराच्या मांसाच्या अवशेषांतून विषाणू पसरतो. मोठ्या जनावरांना उष्टे नीट उकळूनच द्यावे. नुकतेच दूध तोडलेल्या पिलांना ते मुळीच देऊ नये.