स्कूबातली बॅकअप हवा आणि ती सोबत नेण्याच्या पद्धती

स्कूबा डायव्हिंग करताना मुख्य सिलिंडरमधली हवा संपली किंवा रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडात देणारं यंत्र) बिघडून यायची बंद झाली तर वर येईपर्यंत श्वास चालू राहावा म्हणून डायव्हर जी वेगळी हवा सोबत नेतो ती म्हणजे बॅकअप हवा. सिलिंडर वेगळं, व्हॉल्व्ह वेगळा आणि रेग्युलेटरही वेगळा असला तरच ती खरी बॅकअप. बहुतेक सेटवर पिवळ्या नळीचं दुसरं माउथपीस असतं, त्याला ऑक्टोपस म्हणतात, लोक त्यालाच बॅकअप समजतात पण ते त्याच सिलिंडरवर, त्याच फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरच्या सिलिंडरला बसणाऱ्या पहिल्या भागावर) लागलेलं असतं, सिलिंडर रिकामं झालं की दोन्ही एकदमच बंद. ऑक्टोपस असतो तो जोडीदाराला हवा द्यायला.

जोडीदाराच्या ऑक्टोपसवर भरोसा ठेवणं स्वच्छ समुद्रात ठीक आहे, तिथं तो दिसतो. आपल्या विदर्भात पाण्यात उतरायची वेळ येते ती बहुतेक कोणाला तरी शोधायला, वैनगंगेत, कन्हानमध्ये, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये, नाहीतर चंद्रपूर-वणीकडच्या बंद कोळसा खदानीत साचलेल्या खोल पाण्यात. पाणी गढूळ, पावसाळ्यात तर डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही, खाली झाडाची खोडं असतात, फाटकी जाळी असतात, आणि जोडीदार पुष्कळदा पाण्यात नसतोच, तो वर डोंग्यात दोर धरून बसलेला असतो. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव न् बोड्या (छोटी तळी) उथळ आहेत खऱ्या, पण जाळ्यात पाय अडकला की दहा फूट पाणीही पुरे होतं. म्हणून इकडच्या कामात बॅकअप हवा डायव्हरच्या स्वतःच्या अंगावरच पायजे, याला दुसरा पर्याय नाही.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यान यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं, त्यानंतर बरीच वर्षं डायव्हर सरसकट प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब उरला ते दाखवणारं मीटर, वापरत नव्हते. तेव्हा जे-व्हॉल्व्ह चालायचा, हवा कमी झाली की आतल्या स्प्रिंगमुळं श्वास जड व्हायचा, मग डायव्हर कमरेजवळची दांडी खाली ओढून राखीव हवा सोडायचा. पण दांडी आधीच कुठं अडकून ओढल्या गेली तर राखीव हवा गुपचूप वापरून संपायची, आणि सिलिंडर तर एकच. आज तो व्हॉल्व्ह फारसा दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे पोनी, म्हणजे स्वतःचा रेग्युलेटर असलेलं छोटं सिलिंडर. ते मुख्य सिलिंडरला पट्ट्यानं बांधून पाठीवर नेता येतं किंवा डाव्या कुशीला, पट्ट्यावरच्या छातीच्या आणि कमरेच्या डी-रिंगला (कडीला) दोन क्लिप लावून समोर लटकवता येतं. पाठीवर बांधलं की हात मोकळे राहतात पण व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही, गेज दिसत नाही, माउथपीसमधून हवा गळत असली तरी कळत नाही, आणि नळी जाळ्यात गुंतली तर काढणार कसं? कुशीला लटकवलेलं सिलिंडर चाचपडून सापडतं, व्हॉल्व्ह स्वतः उघडता येतो, अडकलं तर क्लिप काढून मोकळं होता येतं, खाली फसलेल्या दुसऱ्या माणसाला आख्खं सिलिंडर देऊनही टाकता येतं. गढूळ पाण्यासाठी माझं मत सरळ याच पद्धतीला आहे. फक्त पोनीचं माउथपीस इलॅस्टिकच्या दोरीनं गळ्यात, हनुवटीखाली ठेवावं आणि हाताला वेगळं लागेल असं काहीतरी त्याला बांधावं, कारण चुकून सुरुवातीपासूनच पोनीतून श्वास घेत खाली जाणं हा नेहमी होणारा प्रकार आहे, मुख्य सिलिंडरचा गेज भरलेलाच दिसत राहतो आणि छोटं सिलिंडर अचानक संपतं.

पोनी केवढी घ्यायची हे हिशोबानं ठरवावं. समजा ३० मीटर खोल आहे. तिथं दाब ४ बार, म्हणजे पाण्याबाहेरच्या हवेच्या साधारण चौपट, घाबरलेला माणूस पाण्याबाहेरच्या दाबाच्या हिशोबानं मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरलं तर खाली गोंधळ निस्तरायला लागलेल्या एका मिनिटातच १०० लिटर गेले. मग मिनिटाला ९ मीटरच्या चालीनं वर यायला साडेतीन मिनिटांच्या आत, सरासरी अडीच बार दाबात, म्हणजे सव्वादोनशेच्या आत, आणि सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायला अजून ११० च्या वर. एकूण सव्वाचारशे लिटर धरा. २०० बारनं भरलेलं ३ लिटरचं सिलिंडर ६०० लिटर देतं, भागतं. १३ घनफुटाचं ३७० लिटरच्या आसपास देतं, ते ३० मीटरला कमी पडतं.

स्पेअर एअर नावाची हातात मावणारी बाटली मिळते, रेग्युलेटर तिच्या तोंडावरच बसवलेला. मोठ्या मापातही ती ३ घनफूट, म्हणजे ८५ लिटर. ३० मीटरवर एक मिनिटही निघत नाही. उथळ पाण्यातून सरळ वर यायला ठीक, खदानीत नाही.

त्याहून भारी पद्धती म्हणजे पाठीवर दोन सिलिंडर, मध्ये जोडणारी नळी आणि तिच्यावर बंद करायचा व्हॉल्व्ह, एक बाजू गळायला लागली की ती दुसरीपासून तोडता येते, पण त्यासाठी मानेमागं हात नेऊन व्हॉल्व्ह फिरवायची प्रॅक्टिस लागते. साइडमाउंटमध्ये दोन सिलिंडर दोन्ही कुशींना असतात, ती पद्धत गुहेतल्या डायव्हिंगमधून आली. धरणाच्या गेटच्या कामाला उतरणारे व्यावसायिक डायव्हर वरून नळीनं हवा घेतात, तरी पाठीवर बेलआउट, म्हणजे संकटात वापरायचं सिलिंडर ठेवतातच.

एक गोष्ट इकडं मुद्दाम सांगावी लागते. गावातले मासेमारी करणारे ढीवर भाऊ दम रोखून बुडी मारण्यात तरबेज, पाण्याची त्यांच्याएवढी जाण कोर्स करून येत नाही. पण स्कूबातली हवा दाबाखालची असते, १० मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास वर येताना दुप्पट फुगतो, तो रोखून धरला तर फुफ्फुस फाटतं. बॅकअपवर आल्यावर घाईत दम रोखायची सवय उसळून येते, म्हणून त्यांना आधी श्वास सोडत वर यायचं शिकवावं, पोनी नंतर द्यावी. रीतसर ट्रेनिंगसाठी राज्यात तारकर्लीला सरकारी स्कूबा संस्था आहे.

पोनी भरायची ती फक्त श्वसनाच्या हवेसाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरवर. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तेवढा दाब देतच नाही आणि त्याच्या हवेत तेलाची वाफ असते. दवाखान्यातला शुद्ध ऑक्सिजन तर अजिबात नको, ६ मीटरच्या खाली त्यानं झटके येऊ शकतात आणि पाण्यात झटका आला की माउथपीस सुटतं. उन्हाळ्यात गेजवरही लगेच विश्वास ठेवू नये. मे महिन्यात ४५ अंशात गाडीत तापलेलं सिलिंडर २०० बार दाखवत असेल तर २५ अंशाच्या पाण्यात तेच १८७ च्या जवळ येतं, म्हणून सिलिंडर सावलीत थंड करून मग आकडा बघावा आणि वरचा हिशोब त्या आकड्यावर करावा.