रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमुळे खांद्याच्या नसांना इजा झाली असल्यास दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज कसा करावा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नमूद आहेत आणि त्यांत रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या दीर्घकाळच्या संधिवाताचे, नाव नाही. एवढ्यावरून आपण पात्र नाही असे समजून अनेक रुग्ण अर्जच करत नाहीत, हे फार वाईट आहे. या आजाराने हाताची हालचाल किंवा ताकद कायमची कमी झाली असेल, तर तपासणी अस्थिव्यंग या प्रकाराखाली होते. आजाराच्या नावाला टक्के नसतात. हाताला काय करता येत नाही, ते मोजले जाते.

खांद्याच्या बाबतीत कागदपत्रांची खरी कसोटी लागते, कारण हात वर न जाण्याचे कारण सांध्यातली वेदना आहे की नस दबल्याने दुबळा झालेला स्नायू, हे नुसत्या एक्स-रेवरून ठरत नाही. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा या आजारात सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि त्यानेही हात दुबळे होऊ शकतात. खांद्याच्या सांध्यालगत झालेली गाठ खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंना चालवणारी सुप्रास्कॅप्युलर नस दाबते, तेव्हा ते स्नायू झिजू लागतात. म्हणून संधिवाततज्ज्ञांच्या उपचारांच्या कागदांसोबत ईएमजी व एनसीव्ही (स्नायू व नसांचे काम मोजणाऱ्या तपासण्या), मान किंवा खांद्याचा एमआरआय आणि मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञांचा लेखी अभिप्राय जोडावा. चालताना तोल जात असेल, दोन्ही हातांना बधिरपणा येत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर अर्ज बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर, म्हणजे यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवर करायचा असतो. आधार, रहिवासाचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा आणि वैद्यकीय कागदपत्रे अपलोड करावी लागतात. अर्जात निवडलेल्या रुग्णालयात तपासणी होते. तेथे मूळ कागद सोबत न्यावेत.

तपासणीत सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद यांबरोबर रोजची कामेही पाहिली जातात: डोक्यावरच्या उंचीची वस्तू उचलून परत ठेवणे, हाताने जेवणे, केस विंचरणे, सदरा घालणे, बटणे लावणे, नाडी बांधणे. सदरा घालायला घरच्यांची मदत लागत असेल तर ते संकोच न करता सांगावे. आपल्याकडे, विशेषतः स्त्रिया, वेदना सोसून हात वर करून दाखवतात आणि त्यांची अडचण नोंदीत कमी दिसते.

उपचाराने सुधारणा होण्याची शक्यता असल्यास मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे नवे औषध सुरू केल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर लगेच कायमच्या प्रमाणपत्राची अपेक्षा धरू नये. यूडीआयडी कार्डाचा रंग 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वाला पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा आणि 80 किंवा अधिकला निळा असतो. सरकारी नोकरीतील आरक्षण आणि एसटीच्या भाड्यातील सवलत यांसाठी किमान 40 टक्के लागतात.

टक्केवारी मान्य नसेल, तर निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अपिलासोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि कोणती हालचाल किंवा कोणता नसांचा अहवाल विचारात घेतला गेला नाही, हे नेमके लिहावे.