आर्टेमिसिनिनची पार्श्वभूमी: जिवाणू, यीस्ट आणि शेत

आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे द्रव्य चीनमध्ये १९७२ साली आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीतून शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. जगभर त्याची मागणी वाढली ती मात्र २००१ नंतर, म्हणजे जुन्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या मलेरियावर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे वापरण्याची आंतरराष्ट्रीय शिफारस झाल्यावर. तुटवडा पडला की लागवड वाढे, आणि ते पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असे. २००५ च्या सुमारास किलोमागे हजार डॉलरच्या वर गेलेला दर पुढे फार वेगाने खाली आला. हंगामावरचे हे अवलंबित्व संपवावे, या हेतूने सूक्ष्मजीवांचा विचार सुरू झाला.

इन्सुलिनसारखे प्रथिन जिवाणूकडून करून घेण्याचे तंत्र तोवर रुळले होते. आर्टेमिसिनिन मात्र प्रथिन नाही, ते अनेक एन्झाइमांच्या साखळीतून घडते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूत यीस्टचा मेव्हॅलोनेट मार्ग (कच्चा माल पुरवणारी रासायनिक क्रियांची साखळी) आणि वनस्पतीचे एक जनुक बसवून अमॉर्फाडाइन हे पूर्वद्रव्य तयार केले. जिवाणूच्या स्वतःच्या मार्गातून कच्चा माल अपुरा मिळत होता, म्हणून शेजारी दुसराच मार्ग उभारण्याची ही कल्पना होती, आणि या क्षेत्रातील पुढच्या कितीतरी प्रकल्पांचा पाया तीच ठरली.

वाद आहे तो त्यानंतरच्या, जिवाणू सोडून यीस्टकडे वळण्याच्या निर्णयाचा. अमॉर्फाडाइनचे ऑक्सिडीकरण करून त्याचे आर्टेमिसिनिक आम्लात, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या आधीच्या द्रव्यात, रूपांतर करणारे वनस्पतीचे पी-४५० नावाचे एन्झाइम पेशीतील पटलाला चिकटून काम करते. तशी अंतर्गत पटले जिवाणूत नसतात, यीस्टमध्ये असतात. २००६ मध्ये यीस्टकडून हे आम्ल मिळाले आणि प्रकल्पाचा भर तिकडे वळला. निर्णय तर्काला धरून होता, तरी जिवाणूला अपयशी ठरवणे अन्यायाचे आहे. २००९ पर्यंत ई. कोलाय लिटरमागे पंचवीस ग्रॅमहून अधिक अमॉर्फाडाइन देऊ लागला होता, आणि पुढील ऑक्सिडीकरण पेशीबाहेर रासायनिक पद्धतीनेही साधता येते, हे २०१२ मध्ये दिसून आले. ती वाट आधी सापडली असती, तर पी-४५० च्या अडचणीपायी यजमान, म्हणजे द्रव्य बनवणारा सूक्ष्मजीव, बदलण्याची निकड इतकी भासली नसती, असे मानायला जागा आहे. मात्र तोवर यीस्टने अमॉर्फाडाइनमध्येही लिटरमागे चाळीस ग्रॅमचा टप्पा ओलांडला होता.

२०१३ मध्ये यीस्टमधून लिटरमागे पंचवीस ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी इटलीतील कारखान्यात व्यापारी उत्पादन सुरू झाले. या आम्लापासून आर्टेमिसिनिन बनवण्याचा शेवटचा टप्पा प्रकाशाच्या साहाय्याने पार पाडला जाई. हे द्रव्य किलोमागे ३५० ते ४०० डॉलरला पडत होते, तर वनस्पतीजन्य द्रव्य एव्हाना २५० डॉलरच्या खाली आले होते. २०१५ मध्ये कारखान्याने या द्रव्याचे काहीच उत्पादन केले नाही आणि पुढे तो विकण्यात आला. शेतकऱ्यांचे उत्पन्न जाईल ही टीका प्रकल्पावर सुरुवातीपासून होत होती. प्रत्यक्षात शेतातल्या मालाच्या भावापुढे कारखान्यालाच माघार घ्यावी लागली.