रेघेवरचा शब्द: कथेच्या नकाशांची पार्श्वभूमी

कादंबरीची जुळवाजुळव करायला नोंदी जोडणारं एखादं सॉफ्टवेअर उघडलं की पहिले दोन दिवस मजेत जातात. प्रत्येक पात्राची एक नोंद, प्रत्येक प्रसंगाची एक. एका नोंदीत दुसरीचं नाव दुहेरी चौकटी कंसात घातलं की दोघींमध्ये दुवा तयार होतो. मग ग्राफचं बटण दाबायचं. पडद्यावर ठिपके उमटतात, रेघा ताणल्या जातात आणि अजून एक ओळही न लिहिलेली कादंबरी नक्षत्रासारखी समोर तरंगू लागते. तिसऱ्या दिवशी डोकं खाजवायची पाळी येते. नंदा आणि भास्कर यांच्यात रेघ आहे खरी. पण ती भावाबहिणीच्या नात्याची, उसन्या पैशांची, की दोघं एकदा एकाच रांगेत उभे होते म्हणून आलेली, हे काही चित्रावरून कळत नाही.

ही मुकी रेघ कथालेखकांनी काढलेली नाही. त्यांच्याकडे ती बरीच उशिरा आणि बाहेरून आली. त्याआधी त्यांचं काम कार्डांवर, तक्त्यांवर आणि चक्क भिंतींवर चालायचं.

सुट्या चिठ्ठ्यांची रीत विद्वानांची. स्विस अभ्यासक कॉनराड गेसनर याने १५४८ साली ती लिहूनच ठेवली आहे: नोंदी कागदाच्या एकाच बाजूला लिहायच्या, कात्रीने कापायच्या, मांडून बघायच्या आणि क्रम पटला की चिकटवायच्या. पुढे ग्रंथालयांमुळे ठरावीक मापाची जाड कार्डं सगळीकडे मिळू लागली. त्यांचा साहित्यातला सर्वात गाजलेला वापर व्लादिमिर नाबोकोव्हचा. तो कार्डांवर पेन्सिलीने लिहायचा, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ न जाता मनात जो तुकडा तयार असेल तो आधी. १९७७ साली तो गेला तेव्हा शेवटची अपुरी कादंबरी १३८ कार्डांवर मागे राहिली होती. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा अमेरिकी आवृत्तीत त्या कार्डांची छायाचित्रं कडेला छिद्रं पाडून छापली होती, म्हणजे वाचकाने हवं तर ती सुटी करून स्वतः पिसावीत. ही कल्पना मला जरा आगाऊपणाची वाटते. लेखक कार्डं पिसतो तेव्हा त्याला पुढचा पत्ता काय येणार याची थोडी तरी कल्पना असते.

कार्डाने क्रम मोकळा केला, पण पात्रांमधलं नातं दाखवायची सोय त्यात नव्हती. एमिल झोलाची पद्धत त्याहून भारी. १८७१ ते १८९३ या काळात एकाच कुटुंबावर वीस कादंबऱ्या लिहिताना तो प्रत्येकीसाठी स्वतंत्र बाड तयार करी: कथेचा कच्चा आराखडा, प्रकरणवार योजना, जागांच्या पाहणीच्या नोंदी आणि प्रत्येक पात्राची एक पत्रिका. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘पात्राचा नमुना-फॉर्म’ म्हणून जे तयार मिळतं, ते हेच. सगळ्यावर मांडव म्हणून वंशावळ. १८७८ साली त्याने ती छापूनही टाकली. वंशावळीतली रेघ मुकी नसते. तिचा एकच अर्थ, रक्ताचं नातं, म्हणून लिहावा लागत नाही एवढंच.

तक्ता आणि भिंत यांनी काळ सांभाळला. विल्यम फॉकनरने १९५४ साली आलेल्या एका कादंबरीचा आराखडा मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावी, आपल्या घरातल्या लिहिण्याच्या खोलीच्या भिंतीवर लिहिला. कथा पहिल्या महायुद्धातल्या एका आठवड्याची, म्हणून वर वारांची नावं आणि खाली त्या त्या दिवशी काय घडतं ते. घर आता संग्रहालय आहे, भिंत अजून तशीच आहे. जोसेफ हेलरच्या १९६१ च्या युद्धकादंबरीत काळ इतका मागेपुढे उड्या मारतो की त्याला मोठा चौकटींचा तक्ता आखावा लागला: आडवी ओळ काळाची, उभा रकाना पात्राचा, आणि प्रत्येक घरात बारीक अक्षरात ‘या वेळी हा कुठे होता’. तक्त्यात रिकामं घर लगेच डोळ्यात खुपतं. एखादं पात्र सहा ओळी गायब असेल तर ते लपत नाही. ठिपक्यांच्या ग्राफमध्ये ते बिनबोभाट लपतं.

आता दुसरा प्रवाह, रेघांचा. माणसांना ठिपके मानून त्यांच्यामध्ये रेघा ओढण्याची पद्धत जेकब मोरेनोने १९३०च्या दशकात रूढ केली. तो मानसोपचारतज्ज्ञ होता, आणि त्याआधी व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकं करणारा रंगकर्मीही. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ साली तिथून थोड्याच दिवसांत एकापाठोपाठ एक मुली पळून गेल्या. कारण एकेकीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा मोरेनोने कोणाला कोणाजवळ राहायचं आहे आणि कोण कोणाला नको आहे, हे कागदावर मांडलं, आणि पळण्याची लाट त्या जाळ्यातून पसरली असा निष्कर्ष काढला. त्याच्या आकृत्यांत ओढ लाल रेघेने दाखवलेली, तिटकारा काळ्या रेघेने. नाटकवाल्या माणसाला रेघेचा रंग ठरवल्याशिवाय पुढे जाता येईना, हे मला फार बोलकं वाटतं.

१९७०च्या दशकात रेघांच्या आणखी दोन वेगळ्या पद्धती पुढे आल्या. टोनी बुझानने १९७४ साली बीबीसीवरून ‘माइंड मॅप’ घरोघरी नेला: मध्ये एक कल्पना, तिच्यापासून फुटणाऱ्या रंगीत फांद्या. पटकन सुचलेलं पटकन उतरवायला उत्तम, पण आकार झाडाचा. झाडात पान एकाच फांदीला लागतं. कथेतली मावशी मात्र आईची बहीण असते, शेजाऱ्याची जुनी मैत्रीण असते आणि खटल्यातली साक्षीदारही असते. तिला एका फांदीवर टांगलं की उरलेल्या दोन गोष्टी गळून पडतात. त्याच सुमाराला कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि सहकारी मुलांना विज्ञान किती समजलं हे तपासायला संकल्पना-नकाशे काढत होते. त्यांचा नियम कडक: दोन चौकटी जोडणाऱ्या रेघेवर शब्द हवाच, आणि चौकट, रेघ, चौकट असं वाचलं की अर्थपूर्ण वाक्य व्हायला हवं. रेघेवर काय लिहायचं ते सुचत नसेल तर तुम्हाला संबंध कळलेला नाही. कथाकाराला याहून उपयोगी नियम मी तरी पाहिलेला नाही, आणि तो आला शाळकरी विज्ञानातून.

संगणकाच्या बाजूनेही सुरुवातीला रेघेला नाव होतं. व्हॅनेव्हार बुशने जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या, मजकूर साठवून एकमेकांना जोडणाऱ्या काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. धनुष्यांचा इतिहास चाळणारा त्याचा वाचक मजकुरांमधून एक वाट आखतो आणि सर्वात आधी त्या वाटेला नाव देतो. ‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, हा शब्द टेड नेल्सनने १९६५ साली छापील मजकुरात आणला. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-लीने सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव दिला, त्यातल्या आकृतीत बाणांवर ‘वर्णन करतो’, ‘समाविष्ट करतो’ असे शब्द लिहिलेले आहेत. पुढे वेब पसरलं ते साध्या दुव्यावर: इथे दाबा, तिथे जा. शब्द गाळला म्हणूनच ते इतकं सोपं झालं आणि जगभर चाललं, हेही मान्य करायला हवं. पण आपल्या मुक्या रेघेचा उगम बहुधा इथेच आहे.

कथालेखकांसाठी मुद्दाम बनवलेलं पहिलं नाव घेण्यासारखं साधन वेबच्याही आधीचं. १९८७ साली अ‍ॅपलने मॅकिंटॉशसोबत हायपरकार्ड द्यायला सुरुवात केली. पडद्यावरची कार्डं आणि त्यांच्यातले दुवे. त्याच वर्षी जे डेव्हिड बोल्टर, मायकल जॉइस आणि जॉन स्मिथ यांनी ‘स्टोरीस्पेस’ मांडलं. त्यात मजकुराच्या चौकटी पडद्यावर मांडता येत, चौकटीत चौकट ठेवता येई, दुव्यांना नावं देता येत, आणि अट घालता येई: वाचकाने आधी अमुक तुकडा वाचला असेल तरच हा दुवा उघडेल. म्हणजे रेघेला अर्थही होता आणि काळाचं भानही. २००९ साली ख्रिस क्लिमसने काढलेलं फुकट ‘ट्वाइन’ याच घराण्यातलं. मात्र या साधनांत नकाशा हीच कलाकृती असते, वाचकच त्यातून फिरतो. सरळ छापील कादंबरी लिहिणाऱ्याला नकाशा हवा असतो तो फक्त बांधकामापुरता, परांचीसारखा.

त्याची सोय दुसऱ्याच वाटेने झाली. वॉर्ड कनिंगहॅमने आपल्या कंपनीतली माणसं आणि कल्पना नोंदवायला हायपरकार्डमध्ये एक गठ्ठा केला होता. अजून अस्तित्वात नसलेल्या कार्डाकडे दुवा द्यावा आणि तिथे गेलं की कार्ड तयार व्हावं, ही त्यातली गंमत त्याने मार्च १९९५ मध्ये वेबवर आणली, तोच पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पानं लिहिता-बदलता येणारी साइट. दुहेरी चौकटी कंस २००१ साली विकिपीडियामुळे लोकांच्या हातात बसले. निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांकांनी एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या; तो १९९८ साली वारला, पण त्याच्या चिठ्ठ्यांच्या पेटीची कीर्ती नंतरच वाढली. विकीची सवय आणि या पेटीचं आकर्षण मिळून रोम रिसर्च आणि २०२० साली शिदा ली व एरिका शू यांचं ऑब्सिडियन अशी साधनं आली. ती कथेसाठी नव्हतीच. अभ्यासकांसाठी, टिपणं काढणाऱ्यांसाठी होती. कथालेखक त्यांत मागच्या दाराने शिरले. त्यांच्यासाठीचं ‘स्क्रिव्हनर’ २००७ पासून होतं, आणि त्यात होता बुचाचा फळा, त्यावर कार्डं. म्हणजे पुन्हा नाबोकोव्ह.

ग्राफ इतका देखणा का दिसतो, यामागेही इतिहास आहे. पीटर ईड्स याने १९८४ साली आकृत्या मांडायची एक युक्ती सुचवली: रेघा म्हणजे स्प्रिंगा, ठिपके एकमेकांना ढकलणारे, सोडून द्या आणि सगळं स्थिरावेपर्यंत थांबा. आजचे हलते ग्राफ याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे ठिपक्याच्या जागेला स्वतःचा असा अर्थ नसतो. जास्त जोडलेला मध्ये ओढला जातो, एवढंच. माझ्या कादंबरीच्या ग्राफमध्ये सर्वात मोठा, मधोमध बसलेला ठिपका निघाला ‘जिना’. कारण साधं: प्रत्येक प्रसंगात कोणी ना कोणी तो चढतं किंवा उतरतं, आणि मी इमानदारीने दर वेळी कंस घातले होते. जिच्या मरणाभोवती सगळी कथा फिरते ती आई दोन रेघांवर कडेला लटकत होती. मेलेलं माणूस प्रसंगात येत नाही, म्हणून त्याला कंस मिळत नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकांना हा अनुभव आधीच आला होता. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथने १९९३ साली व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीतली पात्रं आणि त्यांच्या भेटी यांचा एक संच केला. तो ७७ ठिपके आणि २५४ रेघांच्या रूपात आजही ग्राफ शिकवताना वापरला जातो. त्यात रेघेला निदान वजन आहे, भेटी किती झाल्या याचं. फ्रँको मोरेत्तीने २०११ साली ‘हॅम्लेट’चं जाळं काढलं, दोन पात्रं एकमेकांशी बोलली की रेघ. तिला वजन नाही, दिशाही नाही, ही उणीव त्याने स्वतःच नोंदवली. त्याचं मुख्य निरीक्षण असं की जाळं काढलं की काळाची जागा होते: पहिल्या अंकातला मेलेला माणूसही शेवटपर्यंत पानावर हजर राहतो. वाचून झालेल्या नाटकाला हे सोयीचं आहे. जे अजून लिहायचं आहे त्यात कोण कधी मरतो हाच तर घोळ असतो.

२०२२च्या अखेरीस ऑब्सिडियनमध्ये ‘कॅनव्हास’ आला: मोकळा पृष्ठभाग, त्यावर हव्या तिथे ठेवलेली कार्डं आणि हाताने ओढलेल्या रेघा. कार्ड ठेवलं तिथेच राहतं, स्प्रिंगा नाहीत. २०२४ मध्ये त्याच्या फाइलची रचना सर्वांसाठी खुली केली गेली. साधा मजकूरच आहे तो. प्रत्येक रेघेसाठी कुठून, कुठे, आणि ऐच्छिक म्हणून एक लेबल. नोव्हॅकने सक्तीचा केलेला शब्द इथे ऐच्छिक होऊन परतला आहे.

मी ग्राफ बंद करून कॅनव्हासवर आलो. वर डावीकडून उजवीकडे वार लिहिले, फॉकनरच्या भिंतीची उघड नक्कल. नंदापासून भास्करपर्यंत रेघ ओढली आणि लेबलात लिहिलं: ‘पैसे देणं लागते, आणि हे त्याला आठवत नसेल अशी आशा धरून आहे’. लेबलात ते मावेना, दोन ओळींत तुटलं. गुरुवारच्या रकान्याखाली त्या ओळीतून प्रसंग निघाला. आईला मात्र कार्ड न देता चार जणांमधल्या रेघांवर वाटून टाकलं: ‘तिची साडी परत मागतो’, ‘तिचं नाव टाळते’, अशी. जिन्याला अजून लेबल सुचलेलं नाही. तो खाली कोपऱ्यात एकटाच आहे.