करमणूक माध्यमे व मुलांमधील दादागिरी

करमणूक माध्यमे व मुलांमधील दादागिरी : चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, व्हिडिओ गेम इत्यादींचा कुमारवयीनांनी सोबत्यांना छळण्याशी असलेला संबंध. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून स्कँडिनेव्हियात केलेल्या अभ्यासामुळे दादागिरीची तीन लक्षणे रूढ झाली : हेतुपुरस्सर त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. बरोबरीच्यांची मारामारी तीत मोडत नाही. माध्यमविषयक संशोधनात मात्र हा भेद क्वचितच पाळलेला दिसतो.

माध्यमांमुळे मुले आक्रमक होतात का, या वादाचा उगम सामान्यतः मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा, डोरोथिया रॉस व शीला रॉस यांच्या १९६१ मधील प्रयोगात मानतात. तथापि पेन फंड या अमेरिकन निधीच्या चित्रपटविषयक पाहण्या (सुमारे १९२९–३२) त्याआधीच्या आहेत. बंडुरांच्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांपैकी एका गटासमोर प्रौढाने हवा भरलेल्या बोबो बाहुलीला हातोड्याने बडवले, लाथाडले, भिरकावले. मग मुलांना छानशी खेळणी देऊन लगेच काढून घेतली आणि दुसऱ्या खोलीत त्यांच्यावर २० मिनिटे नजर ठेवली. या गटातील अनेकांनी तेच प्रकार हुबेहूब केले. १९६३ मध्ये त्याच कृती चित्रपटात, तसेच मांजराच्या वेशातील पात्राकरवी दाखवल्या, तरीही अनुकरण आढळले. १९६५ च्या प्रयोगाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले; पण बक्षिसाचे आमिष दाखवताच तीही मागे राहिली नाहीत. म्हणजे पाहिलेले शिकले जाते, ते आचरणात येईलच असे नाही.

बाहुली मार खाण्यासाठीच बनवलेली, आडवी केली की आपोआप उभी राहणारी. तिला बडवणे आणि वर्गातल्या दुबळ्या मुलाला रोज गाठणे एकच कसे, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त दिसतो.

दादागिरीच थेट मोजणारा एक अमेरिकन अभ्यास २००५ चा आहे. चौथ्या वर्षी अधिक दूरचित्रवाणी पाहणारी मुले ६ ते ११ या वयात दादागिरी करण्याचा संभव अधिक आढळला. घरचा भावनिक आधार व बौद्धिक चालना यांनी तो घटला. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. सारा कॉइन व जॉन आर्चर या संशोधकांनी २००४ मध्ये किशोरप्रिय ब्रिटिश कार्यक्रम तपासले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्रमांत अप्रत्यक्ष आक्रमकता, म्हणजे कंड्या पिकवणे, वाळीत टाकणे, मागून बदनामी करणे, सापडली. शाळेतील छळाशी हा धागा हातोड्यापेक्षा जवळचा वाटतो. मालिकांतील कारस्थानांवर मात्र गेमइतकी ओरड झाली नाही.

गेमबाबत मतभेद तीव्र आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांना नेटा वाइनस्टाइन यांच्यासह १४–१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांच्या अभ्यासात (२०१९) हिंसक गेम व आक्रमक वर्तन यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये ओरडणे, ढकलणे यांसारख्या वर्तनाशी लहानसा संबंध मान्य केला, पण गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्यास पुरावा अपुरा ठरवला.

भारतात चर्चेचा भर माध्यमांपेक्षा शिक्षणसंस्थांतील रॅगिंगवर राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.